डिझेल इंजिनचं तापमान : किती असावं, कसं तपासावं

डिझेल कारचं इंजिन एकदा तापलं की कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सिअसवर टिकायला हवं. मे महिन्यात एसी लावून, भरल्या गाडीने खलघाटकडून इंदूरकडे येत मानपूरचा घाट चढताना १०० च्या आसपास गेलं तरी चालतं. १०५ च्या पुढे चढतच राहिलं तर एसी बंद करून वेग कमी करा; ११० ला गाडी बाजूला घ्या. इंदूरची हवा ४२ अंशांची असो की जानेवारीतल्या पहाटेची, आकडे हेच.

डॅशबोर्डचा काटा बघून हे कळत नाही. बहुतेक नव्या गाड्यांत तो ८० लाही मध्यावर आणि १०० लाही मध्यावरच. त्यापेक्षा स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायची जागा) साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा आणि मोबाइलवर कूलंटचा आकडा वाचा.

रात्रभर उभ्या गाडीत सुरू करण्याआधी तो आकडा बाहेरच्या हवेइतका, फार तर दोन-तीन अंश इकडेतिकडे दिसला पाहिजे. मोठा फरक असेल तर आधी सेन्सर तपासा. मग गाडी चालवायला घ्या. उभी ठेवून तापवत बसू नका, कारण डिझेल इंजिन आयडलला इतकं कमी इंधन जाळतं की थंडीत पंधरा मिनिटांतही नीट तापत नाही. सात-आठ किलोमीटरमध्ये ८० पार व्हावं. ऑइल त्याच्याही मागून तापतं, म्हणून तोवर टर्बोला जोर देऊ नये. बायपासवर एकसारख्या वेगात आकडा चार-पाच अंशांतच हलावा. शेवटी इंदुरातल्या राजवाड्याच्या गर्दीत एसी बंद ठेवून बघा: ९५ ते १०० च्या दरम्यान फॅन लागून आकडा खाली यायला हवा. एसी चालू असला तर फॅन तसाही फिरतो, मग चाचणीला अर्थ उरत नाही.

गाडी गरम होण्याची भीती सगळ्यांनाच असते, थंड राहण्याकडे कुणी बघत नाही. बायपासवर आकडा ७० ला घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडा अडकलाय, किंवा कुणा मिस्त्रीने ‘आपल्याकडच्या उन्हाला लागतो कशाला’ म्हणून काढूनच टाकलाय. हा सल्ला सरळ चुकीचा आहे. थंड इंजिन जास्त डिझेल पितं, आणि बीएस-६ गाड्यांत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, काजळी जाळण्याची प्रक्रिया नीट होत नाही. ती अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वाढते. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला तर बहुधा हेच कारण. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहा: त्यावर छापलेल्या आकड्याजवळ, म्हणजे ८२ किंवा ८८ ला, तो उघडू लागला पाहिजे. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर असल्याने पाणी ९८ च्या सुमारास उकळतं, त्यामुळे पूर्ण उघडण्याची वाट बघू नका.

उलट, शहरात तापते आणि हायवेवर ठीक राहते अशा गाडीत आधी फॅन, त्याचा रिले आणि फ्यूज बघा. हायवेवर, घाटात तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीतली धूळ, आत साचलेला क्षार किंवा झिजलेला वॉटर पंप. कुठेही गळती दिसत नसताना कूलंट कमी होत असेल, तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर गार करणारा भाग) किंवा हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) संशय घ्या. कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणं ही गॅस्केटची खूण. झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. आतलं पाणी दाबाखाली असतं.

कूलंट अर्धं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), अर्धं डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार आत बसतो. जुनं कूलंट काढून आतून धुतल्यावर इंजिन ब्लॉकमध्ये बरंच पाणी राहतं, म्हणून तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. एकूण क्षमता ७ लिटर असेल तर आधी साडेतीन लिटर कॉन्सन्ट्रेट घाला आणि वर मावेल तेवढं पाणी. प्रकार कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच घ्या. नुसता रंग जुळवून मिसळू नका. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघून मिन आणि मॅक्सच्या मधे आणा.