खिडक्यावाल्या युनिक्सवर एडिटर कुठला घ्यायचा आणि कसा चालवायचा

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपात नवीन पोरं येतात, कोण खानापूरचा कोण निपाणीचा, लिनक्सच्या (युनिक्सच्याच जातीची सिस्टिम) मशीनसमोर बसवलं की पहिल्या तासात प्रश्न ठरलेला, सर ह्यात नोटपॅड कुठंय? आहे की, एक सोडून दहा आहेत, खरं कुठला उघडायचा ते फाइल कुठं आहे आणि त्यात काय लिहायचंय त्यावर ठरतंय. खाली कमांडा मी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्लिशच करायच्या हां.

फाइल समोरच्याच मशीनवर आहे, माउस हातात आहे, तर उगीच शूरपणा नको. जीएडिट, माउसपॅड, केट, जीनी, ह्यातला जो आधीच बसवलेला असेल तो घ्या. साधी सेटिंगची फाइल किंवा चार ओळींचा जी-कोड (सीएनसी मशीनला द्यायच्या सूचना) बदलायला माउसपॅड भरपूर झाला. दिवसभर प्रोग्रामच लिहायचे असतील तर केट नाहीतर जीनी, त्यात रंग येतात, ओळीचे नंबर येतात, एका बाजूला फाइलींची यादी दिसते.

आता आपल्याकडची खास भानगड. मशीनवर चिकटवायच्या सूचना आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हीत काढतो, एकाच फाइलमध्ये वर "चकची किल्ली काढल्याशिवाय मशीन चालू करू नका" आणि खाली तेच कन्नडमध्ये. एका पोरानं ही फाइल एक्सटर्म नावाच्या टर्मिनलमध्ये (कमांडा टाइप करायची खिडकी) व्हीआयनं, म्हणजे टर्मिनलमध्येच चालणाऱ्या जुन्या एडिटरनं, उघडली आणि घाबरून हाक मारली, सर फाइल करप्ट झाली. बघतो तर किल्लीतली पहिली वेलांटी क च्या डावीकडं असायची ती उजवीकडं, ल्ल फुटून ल चा पाय मोडका दिसतोय, कन्नडमधली खालची जोडाक्षरं तर सगळी सुटी. फाइलला काही झालेलं नव्हतं. एक्सटर्म एका चौकोनात एक अक्षर बसवतं, आपल्या लिप्यांना तसलं बसवणं चालत नाही. तीच फाइल जीएडिटमध्ये उघडली की सगळं जागेवर. त्यामुळं मराठी-कन्नड लिहायचं असेल तर ग्राफिकल एडिटरच, आणि असं दिसलं म्हणून घाईनं दुरुस्त करायला जाऊ नका, चांगली फाइल खरोखरच बिघडवाल.

चालवायचं कसं ह्यात लोक जास्त फसतात. टर्मिनलमध्ये नुसतं जीनी आणि फाइलचं नाव टाकलं की एडिटर उघडतो खरं ते टर्मिनल अडकून बसतं, खिडकी बंद करेपर्यंत पुढची कमांड देता येत नाही. शेवटी अँपरसँड (&) लावायचं म्हणजे तो मागं चालतो. विसरलात तर टर्मिनलमध्ये कंट्रोल झेड दाबा, एडिटरची खिडकी गोठेल, घाबरू नका, लगेच बीजी टाइप करा, दोन्ही मोकळे. आणि मागं सोडलेला एडिटर चालू असताना ते टर्मिनल क्रॉस मारून बंद करू नका, बरेचदा एडिटरही त्याच्याबरोबर जातो, न सेव्ह केलेल्या ओळींसकट.

जीव्हिम म्हणजे व्हिमचं (सुधारलेल्या व्हीआयचं) खिडकीवालं रूप, त्याचं उलटं आहे, तो आपणहून टर्मिनल सोडून देतो. ऐकायला बरं वाटतंय, खरं गिटचा (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) मेसेज लिहायला जीव्हिम लावलात की गिटला वाटतं लिहून झालं, आणि मेसेज रिकामा म्हणून कमिट, म्हणजे ती नोंद, रद्द. तिथं जीव्हिम डॅश एफ असं लावायचं म्हणजे तो थांबून राहतो. केटला त्यासाठी डॅश डॅश ब्लॉक आहे, जीएडिटला डॅश डॅश वेट. हे एकदा एडिटर नावाच्या व्हेरिएबलमध्ये टाकून ठेवलं की रोज आठवायला नको. ईमॅक्स वापरणारे असाल तर सकाळी एकदा ईमॅक्स डॅश डॅश डेमन करून ठेवा आणि दिवसभर ईमॅक्सक्लायंट डॅश सी नं खिडक्या उघडा, चटकन उघडतात.

फाइल दुसऱ्या मशीनवर असेल तर एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची कमांड) डॅश कॅपिटल एक्स करून तिथला एडिटर इकडं उघडता येतो, खिडकी तुमच्या स्क्रीनवर आणि प्रोग्राम तिकडं. ऑफिसच्या नेटवर्कवर चालतंय. घरच्या नेटवरून मात्र एकेक मेनू उघडायला चहा पिऊन होतो. त्यापेक्षा केट इकडंच चालवा आणि फाइल एसएफटीपीनं (एसएसएचवरूनच फाइलींची ने-आण) उघडा, नाहीतर सरळ तिथल्या टर्मिनलमध्ये व्हीआय.

म्हणूनच व्हीआय सगळ्यांना थोडा तरी आलाच पाहिजे, आवडो न आवडो. बिल जॉयनं तो 1976 मध्ये बर्कलीत लिहायला घेतला, त्याच्या टर्मिनलच्या कीबोर्डवर बाणाच्या वेगळ्या की नव्हत्या, बाण एच जे के एल वरच छापलेले होते, त्या अजून तशाच चालू आहेत. पुरतं एवढंच: आय दाबून लिहा, एस्केप, मग कोलन डब्ल्यू क्यू म्हणजे सेव्ह करून बाहेर, काही घोळ झाला तर एस्केप, कोलन क्यू आणि उद्गारचिन्ह म्हणजे सेव्ह न करता बाहेर. विंडोजच्या सवयीनं कंट्रोल एस दाबू नका, बऱ्याच टर्मिनलमध्ये स्क्रीन तिथंच थांबते आणि मशीन हँग झालं असं वाटतंय. कंट्रोल क्यू दाबलं की सुटते. विंडोजच्या लॅपटॉपवर लिहून आणलेली स्क्रिप्ट बॅड इंटरप्रीटर म्हणून ओरडली तर ती व्हिममध्ये उघडून खाली कंसात डॉस दिसतंय का बघा, असेल तर कोलन सेट एफएफ बरोबर युनिक्स करून सेव्ह करा.

आता लाइटीचं. गेल्या जूनमध्ये पाऊस धो धो, यूपीएसनं दम सोडला आणि माझी अर्ध्या तासाची दुरुस्ती व्हिममध्ये उघडीच होती. लाइट आल्यावर फाइल उघडली तर लांबलचक इंग्लिश इशारा, स्वॅप फाइल सापडली म्हणून. पूर्वी मी तो न वाचता डिलीट दाबायचो. तसं करू नका. व्हिम दर दोनशे अक्षरांना, नाहीतर चार सेकंद हात थांबला की, बदल स्वॅप फाइलमध्ये लिहीत असतो, म्हणजे तुमचं बहुतेक सगळं तिथं आहे. आर दाबून रिकव्हर करा, वाचून बघा, वेगळ्या नावानं सेव्ह करा, जुन्या फाइलशी ताडून पाहा, आणि मगच ती डॉटनं सुरू होणारी एसडब्ल्यूपीवाली फाइल काढून टाका, नाहीतर दर वेळी तोच इशारा येत राहील.