सेकंड लाइफच्या व्ह्यूअरची मांडणी बदलायची असेल तर

सेकंड लाइफ हे इंटरनेटवरचं आभासी जग 2003 मध्ये सुरू झालं आणि 2007 च्या जानेवारीत ते चालवणाऱ्या लिंडन लॅब कंपनीने त्याच्या व्ह्यूअरचा, म्हणजे त्या जगात शिरायच्या प्रोग्रामचा, सोर्स कोड खुला केला. खिडक्या, बटणं, मेनू, रंग यातलं बरंचसं एक्सएमएल या साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये लिहिलेलं असल्यामुळे सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा न शिकताही ते बदलता येतं. लागतं काय, तर साधा टेक्स्ट एडिटर, व्ह्यूअरच्या फोल्डरची एक प्रत आणि चिकाटी.

फाइल उघडण्याआधी पडद्याचा हिशेब करा. 1366 बाय 768 च्या लॅपटॉपवर 330 पिक्सेल रुंदीची उभी पट्टी ठेवली की जवळजवळ पाव पडदा गेला. लोक आत येतात ते जग बघायला. अवतार, म्हणजे त्या जगातलं आपलं पात्र, पडद्याच्या मधोमध उभा असतो आणि क्लिक करायच्या वस्तू बहुधा त्याच्या आसपासच असतात. म्हणून मधला भाग मोकळा सोडा, जे ठेवायचं ते कडेला. 2010 मध्ये आलेल्या व्ह्यूअर 2 मध्ये प्रोफाइल, इन्व्हेंटरी (आपल्याकडच्या वस्तूंचा साठा), माणसं, ठिकाणं हे सगळं उजवीकडच्या एकाच साइडबारमध्ये कोंबलं होतं. मित्राचं प्रोफाइल उघडं ठेवून इन्व्हेंटरीतली वस्तू त्याच्यावर ओढून टाकणं ही रोजची गोष्ट, आणि नेमकी तीच अवघड झाली. 2011 च्या शेवटी 3.2 आवृत्तीत साइडबार गेला. त्याच्या जागी सुट्ट्या खिडक्या आल्या, आणि डाव्या, उजव्या किंवा खालच्या कडेला ओढून लावता येतील अशी बटणं. आजही हीच रचना पाया म्हणून धरा. एका वेळी दोन खिडक्या लागतात अशा कामांची यादी आधी लिहून काढा आणि नवी मांडणी त्या यादीवर घासून बघा.

शॉर्टकट मात्र हलवू नका. कंट्रोल-आय म्हणजे इन्व्हेंटरी, कंट्रोल-एम म्हणजे नकाशा, एस्केप दाबला की कॅमेरा परत पाठीमागे. वर्षानुवर्षं वावरणाऱ्यांच्या बोटांत हे बसलेलं असतं. बटण दुसरीकडे गेलं तर माणूस शोधून काढतो, पण कळ बदलली की चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं.

आता फाइल्स. व्ह्यूअरच्या फोल्डरमध्ये ‘स्किन्स’, त्यात ‘डिफॉल्ट’, त्यात ‘एक्सयूआय’ आणि त्यात भाषेनुसार फोल्डर असतात. इंग्रजीचा फोल्डर मूळ आहे. बाकीच्या भाषांच्या फाइल्समध्ये फक्त बदललेला मजकूर असतो, तो मूळ फाइलवर चढतो. ‘फ्लोटर’ने सुरू होणारी फाइल म्हणजे सुटी खिडकी, ‘पॅनेल’ने सुरू होणारी म्हणजे खिडकीतला तुकडा. कोणती फाइल कशाची हे अंदाजाने शोधत बसू नका. कंट्रोल-ऑल्ट-क्यू दाबून डेव्हलप मेनू आणा, त्यात एक्सयूआयखाली नावं दाखवण्याचा पर्याय आहे. तिथेच प्रीव्ह्यू टूलही आहे. खिडकी त्यात उघडून बघितली की एकमेकांवर चढलेली बटणं लगेच सापडतात.

प्रत्येक घटकाला ‘नेम’ असतं. त्याला हात लावायचा नाही. प्रोग्राम त्या नावानेच बटण शोधतो. नाव सापडलं नाही तर तो गुपचूप एक खोटं बटण तयार करतो आणि पुढे जातो. पडद्यावर तुमचं बटण दिसतं, दाबलंही जातं, घडत मात्र काहीच नाही. अशा वेळी लॉग फाइलमध्ये (प्रोग्राम आपल्या नोंदी लिहितो त्या फाइलमध्ये) ‘मेकिंग डमी’ हे शब्द शोधा. बटणावरची अक्षरं बदलायची असतील तर ‘लेबल’ बदला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘फॉलोज’मध्ये. घटक खिडकीच्या कोणत्या कडांना चिकटून राहणार, हे त्यात लिहितात. समजा खिडकी 300 बाय 200 आहे आणि 80 बाय 23 चं ‘जतन करा’ बटण उजव्या खालच्या कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून 10 पिक्सेल आत हवं आहे. मग डावीकडून 210 आणि वरून 167. ‘फॉलोज’ला उजवी आणि खालची कड दिलीत तर खिडकी 400 रुंद केल्यावर बटण 310 वर सरकतं. चुकून डावी-वरची राहिली तर ते 210 वरच बसून राहतं. खिडकी 260 पर्यंत आवळली की बटणाचे 30 पिक्सेल कापले जातात. हे गणित वरून धरलं आहे, म्हणून घटकावर ‘लेआउट’ला ‘टॉपलेफ्ट’ लिहिलेलं हवंच. ते नसेल तर मोजमाप खालच्या डाव्या कोपऱ्यातून होतं आणि सगळं उलटंपालटं दिसतं.

रंग ‘कलर्स’ फाइलमध्ये असतात, 0 ते 1 मध्ये: लाल, हिरवा, निळा आणि अपारदर्शकता. फोटोशॉपमधला 153 हा आकडा 255 ने भागला की 0.6 येतो. रंग बदलूनही खिडकीची पार्श्वभूमी तशीच राहिली तर ती चित्रातून येते आहे असं समजा आणि ‘टेक्स्चर्स’ फाइल बघा. तिथे चित्राचा कोणता भाग ताणायचा हे चार आकड्यांत सांगितलेलं असतं. चित्राचा आकार बदलून ते आकडे तसेच ठेवले की गोल कोपरे लांबट होतात. अनेकांची गरज तर एवढ्याने भागते की पसंतींमध्ये जाऊन मागे पडलेल्या खिडक्यांची अपारदर्शकता कमी करायची. ते आधी करून बघा.

कडेच्या पट्ट्यांवर सुरुवातीला कोणती बटणं असावीत हे ‘टूलबार्स’ फाइल ठरवते. ती बदलूनही काही दिसलं नाही तर घाबरू नका. जुन्या खात्याची मांडणी त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये साठवलेली असते आणि तीच वापरली जाते. तपासणी नव्या खात्याने करा.

मराठी लेबलं घालायची असतील तर फॉन्टपासून सुरुवात करावी लागते. मूळचा देजाव्हू सान्स हा फॉन्ट देवनागरी दाखवत नाही, त्यामुळे ‘फॉन्ट्स’ फाइलमध्ये देवनागरी फॉन्ट जोडा. मग एका बटणावर ‘किल्ला’, ‘शक्ती’ आणि ‘मूर्ती’ लिहून बघा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आली का, जोडाक्षर जुळलं का, रफार जागेवर आहे का? उंचीकडेही लक्ष द्या. वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असलेला शब्द 23 पिक्सेलच्या बटणात चेपू शकतो. 27 किंवा 28 करून बघा आणि खालच्या घटकांना तेवढंच खाली सरकवा. हे सगळं पसंतींमधल्या यूआय साइझचा सरकता दांडा 1 वर आणि 1.5 वर ठेवून, दोन्हीकडे तपासा.

व्ह्यूअरचं अपडेट आलं की तुमच्या फाइल्सवर नव्या फाइल्स बसतात. बदललेल्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि अपडेटनंतर त्या डोळे झाकून परत टाकू नका. नव्या मूळ फाइलमध्ये एखादं बटण वाढलेलं असेल तर जुन्या प्रतीमुळे ते गायब होईल. दोन्ही फाइल्स शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून बघा.