तीन आकृत्या, तिघींचा क्रमांक 3.4

लाटेकमध्ये, म्हणजे मजकूर कोडसारखा लिहून त्यातून पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीत, थीसिस लिहायला घेतला की पहिल्याच आठवड्यात पीडीएफमध्ये ‘आकृती ??’ दिसते आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका. पहिल्या कंपाइलला (कोडमधून पीडीएफ बनवताना) लाटेक सगळे क्रमांक एका वेगळ्या फाइलीत टिपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून उचलून मजकुरात भरतं. म्हणून दोनदा चालवायचं. तरी प्रश्नचिन्हं राहिलीच तर बहुतेक वेळा लेबलच्या, म्हणजे क्रमांक मजकुरात आणण्यासाठी आकृतीला दिलेल्या खुणेच्या, नावात टायपो असतो. ओव्हरलीफ या ऑनलाइन लाटेक एडिटरवर तर लागेल तितक्यांदा ते आपणहून चालतं.

मला नडलं ते भलतंच. तिसऱ्या प्रकरणाचा ड्राफ्ट गाइड मॅडमकडून परत आला, तर तीन ठिकाणी पेन्सिलीने गोल. एकदा उपकरणाची मांडणी, एकदा आलेख, एकदा नमुन्याचा फोटो, आणि तिन्हीकडे ‘आकृती 3.4’. शेजारी एवढंच लिहिलेलं: “3.4 किती आहेत गं तुझ्याकडे?”

मी कोडमध्ये लेबल कॅप्शनच्या (आकृतीखालच्या ओळीच्या) वर लिहीत होते. आकृतीचा क्रमांक पुढे सरकतो तो कॅप्शनमुळे. त्याआधी लेबल टाकलं तर त्याला शेवटचा जो क्रमांक मिळालेला असतो तोच चिकटतो, आणि माझ्याकडे तो होता विभाग 3.4 चा. मी वापरत होते त्या ‘रिपोर्ट’ क्लासमध्ये (लाटेकच्या तयार साच्यात) आकृत्यांचे क्रमांकही 3.1, 3.2 असेच पडतात, त्यामुळे वाचताना शंकाच आली नाही. लाटेकनेही इशारा दिला नाही; त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं! तेव्हा लेबल कायम कॅप्शनच्या खाली. कॅप्शनच नसेल तर लेबल लावून उपयोग नाही.

तेव्हापासून मी क्लेव्हररेफ हे पॅकेज (लाटेकची जोडसुविधा) वापरते. क्रमांकाआधीचा शब्दही ते स्वतःच छापतं, त्यामुळे लेबल चुकलं की ‘फिगर’च्या जागी ‘सेक्शन 3.4’ येतं आणि चोरी लगेच पकडली जाते. मात्र ते हायपररेफ या लिंक बनवणाऱ्या पॅकेजच्या नंतर लोड करा, आधी केलंत तर गोंधळ होतो. आयईईई या लेखनशैलीला वाक्याच्या सुरुवातीलाही ‘फिग.’ लागतं, एपीए शैलीला पूर्ण ‘फिगर’. जर्नल बदललं तर हा बदल एकाच जागी करून भागतो.

शब्द हातानेच टाइप करणार असाल तर मध्ये स्पेसऐवजी टिल्ड (~ हे चिन्ह) द्या. नाहीतर ‘फिग.’ ओळीच्या शेवटी आणि बिचारा आकडा खालच्या ओळीत. शिवाय त्या टिंबाला लाटेक वाक्याचा शेवट समजतं आणि पुढे जास्तीची जागा सोडतं.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या मैत्रिणीला हेच पॅकेज लावून दिलं. एकवचन, अनेकवचन दोन्हीकडे ‘आकृती’ हाच शब्द दिला, कारण आपण ‘आकृती 3.4 व 3.5 मध्ये’ असंच लिहितो. झालं, असं वाटलं. दोन आकृत्यांना जोडणारा शब्द वेगळा बदलावा लागतो, हे छापील प्रतीत ‘आकृती 3.4 अँड 3.5’ रोमन लिपीत दिसल्यावर कळलं.