पोटाला रेडिएशन घेताना आतडी सांभाळा: या चुका टाळा

आमच्या मावशीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी 25 वेळा रेडिएशन लिहून दिलं होतं. इंदुरात याला 'सिकाई' म्हणतात. शब्द ऐकून गरम पाण्याच्या पिशवीची आठवण येते आणि घरचे निर्धास्त होतात. आम्हीही झालो.

आतड्याचं अस्तर दर 3 ते 5 दिवसांनी नवं होतं. जुन्या पेशी झडतात, तळच्या पेशी विभागून त्यांची जागा भरतात. किरणांचा मार नेमका या विभागणाऱ्या पेशींना बसतो. झडणं चालू राहतं, भरणं मंदावतं. जुलाब बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतात ते यामुळे. पहिला आठवडा सुखाचा गेला म्हणून पथ्य सोडू नका.

आमची सगळ्यात मोठी चूक लघवीची. नंबर जवळ आला की मावशी बाथरूमला जाऊन यायची, मध्येच लागली तर पंचाईत नको म्हणून. सहाव्या दिवशी टेक्निशियनने पडद्यावरचं चित्र दाखवलं: मूत्राशय चपटं आणि त्याच्या जागी लहान आतड्याची वेटोळी खाली उतरलेली, थेट किरणांच्या वाटेत. भरलेलं मूत्राशय हीच वेटोळी वर ढकलून धरतं. मग ठरलं, आधी लघवीला जायचं, बाटलीतलं अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि घड्याळ लावून 40 मिनिटं बसायचं. प्रत्येक ठिकाणचं माप वेगळं असतं. प्लॅनिंगच्या सीटीला, म्हणजे किरणांची आखणी करण्यासाठी काढलेल्या स्कॅनला, जे करायला लावलं, तेच रोज करायचं.

खाण्याचं म्हणाल तर पोहे चालले, वरची शेव आणि जीरावन मसाला बंद केला. (जीरावनशिवाय पोहे, इंदूरकराला हीच मोठी शिक्षा.) 'ताकद येईल' म्हणून रोज रात्री दूध द्यायचो, त्याने पोट फुगायचं. दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य अस्तराच्या टोकांवर असतं आणि ती टोकंच झिजलेली असतात. ताक मात्र सोसलं. भाजी-फळं सरसकट तोडायचीही गरज नसते. आहारतज्ज्ञाला विचारून ठरवा.

शेजारच्या काकूंनी त्रिफळा दिला होता. ते रेचक, जुलाबात कशाला? अस्तर वाचवायच्या गोळ्या-पावडरींमागेही धावू नका. सुक्राल्फेटची (अल्सरवर देतात ती) गोळी जुलाब टाळायला घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात.

उपयोग होतो तो तंत्राचा. टाटा मेमोरियलने 2021 मध्ये एका चाचणीचे निष्कर्ष छापले. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेणाऱ्या 300 बायकांत, चित्र पाहून नेम धरणाऱ्या आयएमआरटीमुळे (किरणांचा जोर जागोजागी कमी-जास्त करणारं तंत्र) 3 वर्षांतला आतड्याचा उशिराचा त्रास, जुन्या तंत्राच्या तुलनेत, सुमारे 42 टक्क्यांवरून 21 वर आला. प्लॅन ठरण्याआधीच याबद्दल विचारा.

जुलाब लागले की गप्प बसणं किंवा घरीच सुट्टी घेणं, दोन्ही वाईट. या कॅन्सरचं सगळं रेडिएशन 8 आठवड्यांत संपावं लागतं. दिवसाला किती वेळा जावं लागलं ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड गोळी त्यांच्या सल्ल्यानेच, ओआरएस मात्र हाताशी ठेवा. ताप, रक्त किंवा चक्कर असेल तर उद्यावर ढकलू नका.

त्रास बहुधा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. पण वर्ष-दोन वर्षांनी शौचातून रक्त आलं तर मूळव्याध समजून मलम लावू नका. दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना पूर्वी रेडिएशन झालंय हे आधी सांगा, म्हणजे तपासणीसाठी आतड्याचा तुकडा काढण्यापूर्वी ते विचार करतील. मावशीची ती फाइल अजून देवघराखालच्या कप्प्यात आहे.