उलटीचा रुग्ण: सलाईन लावण्याआधी काय विचारायचं, काय पाहायचं

खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की उलटीचा प्रत्येक रुग्ण ‘ऊन लागलं’ म्हणून येतो, पावसाळ्यात ‘गॅस्ट्रो’ म्हणून. नातेवाइकांनी सांगितलेलं निदान केसपेपरवर जसंच्या तसं उतरवू नका. जुलाब नसतील तर गॅस्ट्रो हे निदान सगळ्यांत शेवटी.

आधी ती उलटीच आहे ना, हे ठरवा. उलटीत मळमळते, तोंडाला पाणी सुटतं, पोट आवळून जोर लागतो. जोर न लागता आंबट पाणी घशाशी येणं किंवा बाळाने दुधाची गुळणी टाकणं, हे प्रकरण वेगळं.

मग वेळ विचारा. लग्नाच्या पंगतीनंतर 1 ते 6 तासांत अनेकांना एकदम उलट्या झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेलं विष असण्याची शक्यता जास्त. पहाटे डोकेदुखीसह उलटी होत असेल तर डोक्यातला दाब वाढल्याची शंका घ्या. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीला पाळीची तारीख विचारा आणि लघवीची गर्भचाचणी करा. कित्येक तासांपूर्वीचं जेवण न पचता पडलं तर जठराच्या पुढच्या तोंडाशी अडथळा असू शकतो.

रंग ऐकू नका, पाहा. ‘पिवळी’ म्हणून सांगितलेली उलटी पुष्कळदा हिरवी निघते. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ, असं समजून लगेच सर्जनकडे पाठवा. 3 ते 6 आठवड्यांचं बाळ दुधाची जोरदार चिळकांडी उडवतं आणि लगेच पुन्हा भुकेलं होतं, तेव्हा जठराचं पुढचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजे रक्त. विष्ठेसारखा वास आला, पोट फुगलं, वायू सरत नाही, तर आतड्यात अडथळा. अशा वेळी कपडे सैल करून दोन्ही जांघा पाहाच. अडकलेला हर्निया हमखास तिथेच नजरेतून निसटतो.

आता डोळे. कपाशीवर फवारणी करून आलेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ, घाम, छातीत घरघर असेल तर ऑर्गॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकाची विषबाधा. हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, ऑक्सिजन द्या. प्रौढाला अॅट्रोपीन हा उतारा 1 ते 3 मिलिग्रॅम शिरेतून. दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट. छाती कोरडी आणि नाडी 80 च्या वर हे लक्ष्य. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट पाहत बसू नका.

जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि उलटीने जागा झाला तर पापण्या वर उचलायला सांगा. जड पापण्या म्हणजे मण्यार सापाचा दंश. दंशाची खूण बहुधा सापडत नाही आणि म्हणूनच ‘अॅसिडिटी’ची गोळी देऊन घरी पाठवण्याची घोडचूक होते. सर्पविषरोधक लस 10 व्हायल, लहान मुलालाही तेवढ्याच. लसीची रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनलिन भरून हाताशी, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) सोबत.

चाळिशीपुढच्या आणि मधुमेही रुग्णाचा ईसीजी काढा. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका नुसत्या उलटीनेही सुरू होतो. रक्तातली साखर आणि लघवीतले कीटोन (मधुमेह बिघडल्यावर वाढणारे पदार्थ) त्याच वेळी तपासा.

पाणी किती कमी झालं ते पोटाच्या त्वचेच्या चिमटीवरून कळतं: 2 सेकंदांपेक्षा जास्त वेळ घडी राहिली तर तीव्र. मात्र नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या अति कुपोषित बालकात ही चिमटी फसवते. तिथे लघवी कधी झाली ते विचारा आणि पुढचा ओआरएसचा हिशेबही लावू नका. इतर मुलांत मध्यम कमतरतेला ओआरएस 75 मिली प्रतिकिलो, 4 तासांत. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा. उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन 0.15 मिलिग्रॅम प्रतिकिलो, एकच मात्रा. अडथळ्याची शंका असेल तर मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं दुसरं औषध नको. मुलांत त्याने मान वाकडी होते, डोळे वर चढतात.

पुढे पाठवताना चिठ्ठीवर उलटीचा रंग, शेवटच्या लघवीची वेळ आणि अॅट्रोपीनची एकूण मात्रा लिहा. फवारणीचा डबा नातेवाइकांसोबत पाठवा, निदान लेबलचा फोटो तरी.