सांगली बँक, युनायटेड वेस्टर्नची जुनी पासबुकं सापडली तर पैसे कसे शोधायचे

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पासबुकं, एफडीच्या पावत्या असं काहीतरी पडलेलं असतंच आणि दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी म्हणतं, ती बँक कधीच बुडाली, घाला रद्दीत. कृपा करून घालू नका. बँक बुडणं वेगळं आणि दुसऱ्या बँकेत विलीन होणं वेगळं. आपल्याकडच्या या जुन्या बँका दुसऱ्यांत गेल्यात, म्हणजे आपल्या आजोबांचं देणं आता त्या नव्या बँकेच्या अंगावर आहे.

आधी कागदावरचं बँकेचं नाव नीट वाचा. सांगली बँक, १९१६ सालची, ती एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. सातारची युनायटेड वेस्टर्न, १९३६ ची, तिच्यावर २ सप्टेंबर २००६ ला निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयची झालीसुद्धा. कुरुंदवाडची गणेश बँक त्याच वर्षी फेडरल बँकेत. बँक ऑफ कराड ही १९९२ च्या मुंबईतल्या रोखे घोटाळ्यात सापडून बंद पडली आणि १९९४ ला बँक ऑफ इंडियानं घेतली. रत्नाकर बँक कुठं गेली नाही, तीच आजची आरबीएल. आणि एक गोंधळ नेहमी होतो तो म्हणजे युनायटेड बँक ऑफ इंडिया, ती कोलकात्याची, २०२० मध्ये पंजाब नॅशनलमध्ये गेली, तिचा सातारच्या बँकेशी काही संबंध नाही.

आता खात्यात दहा वर्षं काहीच व्यवहार झाला नसेल तर बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या डीईए फंडात, म्हणजे पडून राहिलेल्या ठेवींसाठीच्या निधीत, भरते. हा फंड २०१४ पासूनचा आहे. तिथं गेली म्हणून रक्कम सरकारजमा झाली असं समजू नका, कितीही वर्षांनी मागता येते आणि खातं व्याजाचं असेल तर सध्या ३ टक्के सरळव्याजही मिळतं. मागायची मात्र आपल्या बँकेकडंच, ती आपल्याला देते आणि मग स्वतः फंडातून वसूल करते, त्यामुळं मुंबईला हेलपाटे घालायची काहीच गरज नाही.

शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, ऑगस्ट २०२३ ला सुरू झालंय, फुकट आहे. मोबाईल नंबरनं नोंदणी करायची, खातेदाराचं नाव टाकायचं, बँक निवडायची आणि जन्मतारीख, पॅन, मतदान कार्ड असं काहीतरी एक द्यायचं. पण १९८०-९० च्या खात्याला पॅन कुठला, आणि तेव्हाच्या क्लार्कनं इंग्रजीत नाव कसं लिहिलं असेल ते आपल्याला काय माहीत, म्हणून आडनाव आधी घेऊन, वडिलांचं नाव गाळून, स्पेलिंग बदलून असं चार प्रकारे टाकून बघा. तरी नाही सापडलं तर सोडून देऊ नका, पासबुकावरचा खाते नंबर आणि शाखेचं नाव घेऊन थेट बँकेत जा. २०१९ च्या पुरात ज्यांची कागदं गेली त्यांनी तर उद्गमवर नक्की बघा, शोधायला पासबुक लागत नाही.

बँकेत काउंटरवरचा पोरगा बहुतेक म्हणेल की असं खातंच दिसत नाही. त्याचीही चूक नाही, विलीनीकरणात खाते नंबर बदललेत. तोंडी बोलत बसू नका, शाखा व्यवस्थापकाच्या नावानं अर्ज लिहा, त्यात जुन्या बँकेचं नाव, जुनी शाखा, जुना नंबर, आणि 'डीईए फंडातून क्लेम' हे शब्द घाला. झेरॉक्स जोडा, मूळ पासबुक हातातून सोडू नका, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच पोचेवर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, चौकशीला १४४४८ नंबर आहे.

खातेदार वारले असतील तर मृत्यूचा दाखला लागणार. नॉमिनी असेल तर काम सोपं. नसेल तर सगळे वारस आले, त्यात आत्या पण आल्या, त्यांना अंधारात ठेवून सह्या घेऊ नका, किती रक्कम आहे ते आधी सांगा, हक्क त्यांचाही तेवढाच आहे. सप्टेंबर २०२५ च्या नियमांप्रमाणं वाद नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत कोर्टाच्या दाखल्याशिवाय, हमीपत्र आणि बाकीच्या वारसांची ना हरकत यावर रक्कम मिळायला पाहिजे, आणि सगळी कागदं दिल्यापासून १५ दिवसांत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, शेअर सर्टिफिकेट. लोक पासबुकाच्या मागं लागतात, ज्यात कधीकधी चारपाचशेच निघतात, आणि त्याच पिशवीतलं सर्टिफिकेट रद्दीत जातं. सांगली बँकेच्या दर ९२५ शेअर्सला आयसीआयसीआयचे १०० मिळाले. पुढं २०१४ ला एकाचे पाच झाले, २०१७ ला दहाला एक बोनस मिळाला, म्हणजे त्या शंभराचे आज ५५०. गावभागातल्या नाहीतर हळदीच्या पेठेतल्या कुणा आजोबांनी आपली बँक म्हणून घेतलेले शेअर्स असतील तर आजचा भाव बघून तुम्हीच गुणाकार करा, वर इतक्या वर्षांचा लाभांश वेगळा. युनायटेड वेस्टर्नचं तसं नाही हं, तिथं आयडीबीआयनं शेअरमागं २८ रुपये रोख दिले, शेअर मिळाले नाहीत, तेव्हा ते पैसे उचलले होते का एवढंच विचारायचं.

सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर शेअर्स केंद्राच्या आयईपीएफकडं, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडं, जातात. त्यांच्या वेबसाइटवर नावानं शोधता येतं. तिथं निघाले तर आधी कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-५ फॉर्म ऑनलाइन भरायचा. वेळ लागतो, चिकाटी ठेवा. अर्धी रक्कम द्या, काढून देतो म्हणणारे एजंट फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

सहकारी बँकांचा रस्ता निराळा. कराड जनताचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला, अशा बंद पडलेल्या बँकेत ठेवीच्या विम्याचे जास्तीत जास्त ५ लाख मिळतात आणि विचारपूस अवसायकाकडं, म्हणजे बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, करायची. पतसंस्थेला हा विमाही नाही नि उद्गमही नाही, तिथं उपनिबंधक कार्यालयातच जावं लागतं.

शेअर्स परत घ्यायला डिमॅट खातं ज्याच्या नावानं क्लेम आहे त्याच्याच नावाचं लागतं, तेव्हा ते आधीच उघडून ठेवा आणि उघडतानाच नॉमिनी भरून टाका.