उतारवयातले गुडघे: आधी व्यायाम, मग गोळ्या

गुडघा दुखतो म्हणून चालणं कमी होतं. चालणं कमी झालं की मांडीचे स्नायू बारीक होतात आणि भार आणखीच सांध्यावर येतो. त्यात कुर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, दाबला-सुटला, की आतल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. त्यामुळे 'गुडघे झिजलेत, आता जपा' हा सल्ला हमखास उलटा पडतो.

सुरुवात पलंगावर करा. पाठीवर झोपून एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ ठेवा. सरळ पायाच्या गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी घ्या, पाऊल स्वतःकडे ओढा आणि गुडघ्याने गुंडाळी खाली दाबा. गुडघ्याची वाटी वर सरकते, मांडी हाताला टणक लागते. 5 सेकंद धरा, 10 वेळा करा. हे सहज जमू लागलं की गुंडाळी काढून तोच पाय सरळ ठेवून साधारण 30 सेंटिमीटर उचला. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर मांडीत अजून तेवढा जोर नाही. आणखी आठवडाभर दाबण्यावरच राहा. झोपताना मात्र गुडघ्याखाली उशी नको. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो.

सगळ्यात उपयोगाची खुर्चीतली उठ-बस. हात असलेली, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या कडेला बसा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत झुका आणि उठा. उठताना श्वास सोडा. रोखला तर रक्तदाब चढतो. गुडघे आत झुकू देऊ नका. बसायला मोजून 3 सेकंद लावा. बहुतेक जण इथे धपकन बसतात आणि निम्मा व्यायाम वाया घालवतात. 8 ते 10 वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून 3 दिवस, एक दिवसाआड. उठवत नसेल तर बैठकीवर घट्ट, न घसरणारी उशी ठेवून उंची वाढवा, हातांचा आधार घ्या.

किती दुखलं तर चालेल? 10 पैकी 3-4 पर्यंत, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं पूर्वीइतकं खाली यायला हवं. आलं नाही तर आवर्तनं निम्मी करा, बंद करू नका. फरक कळायला 6 ते 12 आठवडे लागतात. सांधा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पायावर भारच देता येईना, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

वजन जास्त असेल तर 1 किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी घटतो. एवढं काम कुठलीच गोळी करत नाही.

ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन या सांधेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांचं बोलायचं तर, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांमध्ये ही औषधं औषधच नसलेल्या नकली गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाहीत. घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून ग्लुकोसामाइन दिवसाला 1500 मिलिग्रॅम, तेही 3 महिनेच. रोजचं दुखणं 0 ते 10 मध्ये वहीत लिहा. आकडा हलला नाही तर बंद करा. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं, म्हणून त्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी डबीवरचा स्रोत वाचावा. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हे नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलबाबतही रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी सावध राहावं. क्वचित या कॅप्सूलनी यकृताला इजाही होते.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हाडांसाठी आहेत, कुर्चा त्यांनी भरून येत नाही. ड ची पातळी तपासूनच मात्रा ठरवा. कॅल्शियम एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर नीट शोषलं जात नाही. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत घ्या. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत 4 तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी पुरती शोषली जात नाही.